लिंबू काही आपल्या नात्यातलं नाही

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली गोष्ट. मावसबहिणीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि मी आमच्या सांगलीच्या घरी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून मोबाइलवर एक रील बघत होते. रीलमधली मुलगी अर्धं कापलेलं लिंबू मधात बुडवून गालावर गोल गोल फिरवत होती. खाली लिहिलं होतं, ‘केमिकल-फ्री ग्लो, फक्त दोन गोष्टी, दोन्ही तुमच्या किचनमध्ये’. लिंबू होतं, मध होता, वेळही होता. मी सालीसकट लिंबू दोन्ही गालांवर आणि कपाळावर घासलं, वीस मिनिटं बसले, तोंड पुसलं आणि ब्लाउज आणायला भर दुपारी स्कूटीवरून मिरजेला गेले.

दुसऱ्या दिवशी रात्री गाल चुरचुरायला लागले. तिसऱ्या दिवशी लाल पट्टे उठले, बरोबर जिथून जिथून लिंबू फिरलं होतं तिथे. लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी मान डावीकडे वळवून उभी आहे. पट्टे पुढे तपकिरी झाले आणि डाव्या गालावरचा एक आठ महिने राहिला.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काय लावलं होतंस?”

मी म्हटलं, “काही नाही हो, नॅचरलच होतं.”

त्या म्हणाल्या, “ऊनसुद्धा नॅचरलच आहे.”

मग त्यांनी समजावलं. आपलं कागदी लिंबू, त्यातही त्याची साल, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं बाळगून असते. ती कातडीवर असताना ऊन पडलं की अतिनील किरणांनी ती चेततात आणि कातडी भाजते. याला फायटोफोटोडर्मटायटिस असं लांबलचक नाव आहे. शिवाय लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो आणि आपल्या त्वचेचा साधारण साडेचार ते साडेपाच. पीएचच्या मोजपट्टीवर एक अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. म्हणजे मी माझ्या गालावर त्याच्या सवयीपेक्षा शेकडो पट आम्ल काहीतरी वीस मिनिटं ठेवलं होतं.

घरी आल्यावर आज्जीने हे एका वाक्यात सांगितलं. “लिंबानं तांब्या घासत्यात गं बाय, तोंड न्हाई.”

तेव्हापासून ‘नैसर्गिक’ या शब्दावर माझा राग आहे. हा लेख त्या रागातून लिहिलेला आहे. पण मी घरगुती उपायांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. लिंबाच्या प्रकारानंतर मी हट्टाने एक वर्ष जमेल तितक्या गोष्टी घरी करून बघितल्या. काही टिकल्या, बऱ्याच टाकून दिल्या. माझं भांडण आहे ते आपल्याला फसवणाऱ्या दोन दुकानांशी. एकावर कंपनीची पाटी आहे आणि दुसऱ्यावर आजीच्या बटव्याची. माल मात्र दोन्हीकडे एकच विकला जातो.

बिब्बासुद्धा झाडावरच लागतो

पहिली गोष्ट, नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हे कुणी ठरवलं? ज्यांच्या आजोळी बिब्ब्याचं झाड असेल त्यांना विचारा. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की अंग उततं, फोड येतात. खाजकुयली नैसर्गिक आहे. कण्हेर नैसर्गिक आहे आणि पोटात गेली तर जीव घेते. पारा तर मूलद्रव्यच आहे, त्याहून नैसर्गिक काय असणार? आपल्या पूर्वजांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून तर बिब्बा वापरायचा कसा, शुद्ध कसा करायचा, याचे एवढे नियम त्यांनी केले. निसर्गाला आई म्हणणारी माणसं निसर्गाला घाबरूनही होती. आपण आई म्हणणं ठेवलं आणि घाबरणं सोडून दिलं.

‘केमिकल-फ्री’ हा शब्द तर धडधडीत खोटा आहे. पाणी केमिकल आहे. शिकेकाईत फेस येतो तो सॅपोनिनमुळे, आणि सॅपोनिन या नावातच साबणाचा लॅटिन शब्द आहे. शॅम्पूतला सल्फेट आणि शिकेकाईतला सॅपोनिन एकाच पद्धतीने काम करतात. रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि मळ वाहून जातो. फरक आहे तो किती जोराने धुतलं जातं आणि नंतर केसांत काय उरतं, यात. हा फरक खरा आहे आणि त्यावर बोलता येतं. पण ‘एक केमिकल, दुसरं निसर्ग’ असं म्हटलं की बोलणंच संपतं, कारण मग ती श्रद्धा होते.

मेंदीचं उदाहरण घ्या. मेंदीच्या पानात लॉसोन असतं आणि त्याचा रंग नारिंगी-तांबडा चढतो. काळा चढत नाही. तेव्हा जी ‘नॅचरल काळी मेंदी’ तासाभरात केस कोळशासारखे करते, तिच्यात बहुतेक वेळा पीपीडी हा केसांच्या रंगातला नेहमीचा पदार्थ असतो. पीपीडीची अ‍ॅलर्जी असलेल्यांची टाळू आणि डोळे सुजतात. पाकिटावर मेंदीचं पान छापलेलं असलं, तरी आतला पदार्थ बदलत नाही.

आज्जी रील बघत नव्हती

दुसरी गोष्ट आजीच्या नावाने चालणाऱ्या धंद्याची. माझी आज्जी आयुष्यभर घरचंच वापरत आली. पण तिचं वापरणं आणि रीलमधलं वापरणं यात काडीचं साम्य नाही.

आमच्याकडे न्हायचा वार ठरलेला असे. शिकेकाईच्या शेंगा, रिठे, आवळकाठी, नागरमोथा, थोडी मेथी, सगळं उन्हात वाळवायचं. शेंगांतल्या बिया काढायच्या. मग दळण. गिरणीवाला शिकेकाई दळायला कुरकुरायचा, कारण पुढच्या गिऱ्हाइकाच्या पिठाला वास लागतो. आदल्या रात्री केसांना खोबरेल. सकाळी बंब पेटवायचा, शिकेकाई उकळायची, फडक्यातून गाळायची. डोळ्यांत गेली की आग. घरात सात बायका, एक न्हाणीघर. आईचा नंबर सून म्हणून शेवटी लागायचा, तोवर बंबातलं पाणी कोमट झालेलं असे.

हे सगळं ‘रिच्युअल’ म्हणून सांगायला फार छान वाटतं. आईला विचारा, ती त्याला काम म्हणते.

म्हणूनच कोपऱ्यावरच्या दुकानात शॅम्पूच्या पुड्यांची माळ लटकायला लागली तेव्हा तिने गुपचूप एक आणली. तमिळनाडूतल्या कडलूरमध्ये १९८३ साली सुरू झालेल्या चिक शॅम्पूने आणि त्याच्या मागोमाग आलेल्या सगळ्यांनी देशभर ही रुपया-दोन रुपयांची पुडी पोचवली. गंमत म्हणजे याच घराण्याने पुढे ‘मीरा’ या नावाने शिकेकाईची पावडरही विकली. शिकेकाई ज्यांनी मागे सारली, त्यांनीच ती पाकिटात घालून परत आणली. पण त्या पुडीला नावं ठेवायचा मला हक्क नाही. आईला त्या पुडीत शॅम्पूबरोबर आठवड्याचा पाऊण तास मिळाला होता. आज जी रील सांगते की ‘बाजारातलं सोडा, घरी करा’, ती कधी सांगत नाही की घरी करायचं कुणी, गाळायचं कुणी आणि नंतर ते चिकट पातेलं घासायचं कुणी. उत्तर तुम्हाला माहीत आहे. माझ्या भावाने गेल्या दहा वर्षांत जास्वंदीचं एक पानही वाटलेलं नाही, त्याचे केस मात्र अप्रतिम आहेत.

आजीच्या पद्धतीत आणखी एक गोष्ट होती, जी रीलमध्ये पहिल्यांदा गळते. ती म्हणजे क्रम. उटण्याचंच बघा. आधी तेल चोळायचं, ते मुरू द्यायचं, मग उटणं लावायचं आणि कोमट पाण्याने धुवायचं. पीठ आणि पावडरी वरचं जास्तीचं तेल आणि त्यासोबत मळ ओढून घेतात, आत मुरलेलं तेल राहतं. थंडीच्या तोंडावर कातडी फुटायला लागते, त्या दिवसांसाठी हा नेमका हिशेब आहे. रीलवाल्यांनी यातून तेल काढलं, बेसन ठेवलं, वर लिंबू पिळलं आणि रोज लावायला सांगितलं. मग चेहरा ताणल्यासारखा होतो, आणि त्या ताणाला आपण ‘टाइटनिंग’ म्हणून खूश होतो.

कोरफडीचंही तेच. आज्जी पान कापून उभं ठेवायची आणि पिवळा चीक पूर्ण गळू द्यायची, कारण तो चीक खाजतो. मग गर काढून दोन वेळा धुवायची, लगेच वापरायची आणि उरलेला झाडाच्या बुंध्याशी टाकायची. आता तोच गर मिक्सरमधून काढून बाटलीत भरतात आणि महिनाभर वापरतात. पाणी असलेल्या कुठल्याही गोष्टीत काही दिवसांत बुरशी आणि जंतू वाढतात. कंपनीच्या बाटलीत प्रिझर्व्हेटिव्ह असतं ते याचसाठी. प्रिझर्व्हेटिव्ह नको असेल तर ताजं करा आणि उरलेलं फेका. दोन्ही नको असेल, तर तुम्ही चेहऱ्यावर शिळं लावताय.

खोबरेल कुठल्या फळीवर ठेवायचं?

आता चांगल्याबद्दल बोलते, कारण चांगलंही आहे. खोबरेल तेलाबद्दल आपल्याकडे जे सांगितलं जातं त्यातलं निदान एक खरं निघालं. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतून प्रथिनं झडून जाणं खोबरेलाने कमी झालं, बाकी दोघांनी नाही. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे तो केसाच्या आत शिरू शकतो, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीचे होते, हेही त्याच श्वासात सांगायला हवं. अभ्यास म्हणून तो खोटा ठरत नाही. पण वाचताना दोन्ही गोष्टी डोक्यात ठेवायच्या.

त्यातून निघतं ते एवढंच, की धुण्याआधी लावलेलं खोबरेल केसाचं रक्षण करतं. ते नवे केस उगवत नाही. आणि कोंडा असेल तर उलट त्रास देऊ शकतं, कारण कोंड्याला हातभार लावणारी मॅलासेझिया ही बुरशी तेलावरच जगते. मी वर्षभर कोंड्यावर तेल थापत होते. शेवटी औषधी शॅम्पूने तीन आठवड्यांत जे झालं, ते माझ्या सगळ्या वाटपांनी झालं नव्हतं.

कांद्याच्या रसाचंही असंच. इराकमधल्या डॉक्टरांचा २००२ सालचा एक छोटा अभ्यास आहे. चाई पडलेल्या, म्हणजे गोल चट्ट्याने केस गेलेल्या रुग्णांना कांद्याचा रस लावून फायदा दिसला. चाई हा वेगळा आजार आहे आणि त्यात बऱ्याचदा केस आपोआपही परत येतात. त्या एका अभ्यासाच्या जोरावर आज कांद्याचं तेल, कांद्याचा शॅम्पू, कांद्याचं सीरम विकलं जातं, आणि विशीतली मुलं वडिलांकडून आलेल्या टकलावर कांदा चोळत बसतात.

घर आणि बाजार यांतली रेषा किती पुसट आहे, हे सर्वोच्च न्यायालयालाही कळून चुकलं. खोबरेलाची लहान बाटली खाद्यतेल म्हणायची की केसांचं तेल, यावर करखातं आणि कंपन्या पंधराएक वर्षं भांडत होत्या, कारण दोन्हींवरचा कर वेगळा. २०१८ मध्ये दोन न्यायाधीशांचं एकमत झालं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये निकाल लागला की केसांचं तेल म्हणून लेबल लावून विकलं नसेल, तर लहान बाटलीतलंही ते खाद्यतेलच. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला ज्याची फळी ठरवायला एवढा वेळ लागला, ते ‘घरगुती’ की ‘कमर्शियल’ हे एका रीलमध्ये कसं ठरतं?

‘होममेड’ नावाची डबी

इथवर नुकसान गालापुरतं होतं. आता मूत्रपिंडाचं सांगते.

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली. शोध घेत गेल्यावर धागा पोचला चेहऱ्याच्या क्रीमपाशी. ती स्थानिक ब्युटीशियनकडून घेतलेली होती आणि तपासणीत तिच्यात पारा सापडला. केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी तर असे रुग्ण मोजून मांडले. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे मेंब्रेनस नेफ्रोपॅथीचे २२ रुग्ण आले. त्यांतल्या १५ जणांत आजाराचा एक विशिष्ट प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी त्वचा उजळवणारी क्रीम वापरल्याचं सांगितलं.

पारा हे कसं करतो? तो त्वचेत रंगद्रव्य तयार होणं अडवतो, म्हणून आठ दिवसांत चेहरा उजळ दिसतो. तो त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडात साचतो. मग लघवीतून प्रथिनं जायला लागतात, पाय आणि चेहरा सुजतो. अशा डब्यांत कधी स्टेरॉइड असतं, कधी हायड्रोक्विनोन. डबीवर बनवणाऱ्याचं नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही. असते ती फक्त एक चिकटपट्टी आणि ‘१००% हर्बल, होममेड’ हे शब्द.

आपल्या कायद्यात विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला परवाना लागतो आणि लेबलवर घटक लिहावे लागतात. पण कुणी ‘ताई घरी बनवते’ म्हणाली की आपण लेबल मागत नाही. कंपनीवर आपला अविश्वास इतका रास्त आणि इतका आंधळा आहे, की तिला टाळून आपण तिच्याहून कमी जबाबदार माणसाच्या हातात चेहरा देतो. कंपनीला निदान ग्राहक न्यायालयात खेचता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवरची ताई ब्लॉक करून निघून जाते.

आणि मूळ दुखणं

मला खरं भांडायचं आहे ते इथे. मी लिंबू का लावलं होतं? मला मुरुम नव्हते, कसला आजार नव्हता. चार दिवसांनी लग्नात सगळे नातेवाईक भेटणार होते आणि ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’ हे वाक्य मला पुन्हा ऐकायचं नव्हतं. त्यातला ‘पण’ मला पुसायचा होता.

फेअर अँड लव्हली १९७५ साली भारतात आली. २०२० मध्ये ‘फेअर’ शब्दावर जगभर टीका झाल्यावर तिचं नाव ग्लो अँड लव्हली झालं. आपण हसलो, ढोंगीपणा म्हणालो. पण घरगुती उपायांचे दहा व्हिडिओ उघडा. ‘टॅन काढा’, ‘उजळ व्हा’, ‘नववधूचा ग्लो’, ‘मान काळी पडली आहे?’ कंपनीने जो शब्द लाजून बदलला, तोच आपण हळद-बेसनात कालवून फुकट वाटतोय. आणि फुकट म्हणून तो निरागस वाटतो.

हळदीचं तर मला विशेष वाईट वाटतं, सांगलीची आहे ना! १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याच्या वापरावर पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपण शाळेत ही गोष्ट छाती फुगवून ऐकली. जगाशी भांडून आपण सिद्ध केलं की हळद जखमेवर लावायची असते हे आम्हाला आधीपासून माहीत आहे. आणि ती आपण लावतो कुठे? ज्या चेहऱ्यावर जखमच नाही तिथे, रंग हाच घाव असल्यासारखी.

सावळ्या विठ्ठलासाठी पायी पंढरपूरला जाणाऱ्या माझ्याच घरात मुलीच्या जन्माच्या वेळी पहिला प्रश्न रंगाचा असतो. या प्रश्नाला शॅम्पूची कंपनी जबाबदार नाही. ती त्यावर पैसे कमावते एवढंच. घरचा लेप त्यावर पैसे कमावत नाही, पण प्रश्न तोच जिवंत ठेवतो. उपाय कुठल्या बाटलीतून आला याने मला आता फरक पडत नाही. ‘तुझ्यात हे कमी आहे’ असं सांगून जो सुरू होतो तो उपाय मी घेत नाही, मग तो मॉलमधला असो की माजघरातला.

मग काय वापरते?

विचाराल म्हणून सांगते. धुण्याआधी खोबरेल. केसांना अधूनमधून जास्वंदीची पानं वाटून, कारण त्यांच्या बुळबुळीतपणाने गुंता सुटतो आणि मला तो वास आवडतो. दिवाळीत उटणं. बाकी साधा सौम्य फेसवॉश, स्वस्तातलं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. सनस्क्रीनला स्वयंपाकघरात पर्याय नाही, कुणी काहीही सांगो.

नवीन काही लावायचं असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबते. लिंबू, सोडा, टूथपेस्ट, दालचिनी चेहऱ्याच्या जवळ येऊ देत नाही. विकतच्या बाटलीवर ‘शिकेकाईयुक्त’ लिहिलं असेल तर मागची यादी वाचते. जास्त प्रमाणातले घटक आधी लिहिलेले असतात, त्यामुळे शिकेकाई अगदी शेवटी असली तर ती मुख्यतः चित्रात आहे हे कळतं. लेबल नसलेली डबी फुकट दिली तरी घेत नाही. आणि घरी काही करायचं झालं, तर पातेलं भाऊ घासतो. हा नियम सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात जास्त भांडून लागू झाला.

गेल्या दिवाळीत पहाटे आज्जीने माझ्या पाठीला तेल लावलं. हात आता थरथरतात तिचे. मी विचारलं, “आज्जे, उटण्यानं खरंच रंग उजळतो का गं?”

ती हसली. “रंग कशाला उजळायचा? थंडी पडाय लागलीया, कातडं फुटतंय. म्हनून लावायचं. त्यो रंग हाय त्यो हाय.”

सत्तर वर्षं उटणं लावणारी बाई हे म्हणाली. आपल्या नावाने काय काय विकलं जातंय हे तिला माहीत नाही, आणि मी सांगितलंही नाही. न्हाऊन आल्यावर पोह्यांवर लिंबू पिळलं. तिथे ते फार चांगलं लागतं.